बुआलायमावशीचे झेब्रे

आमच्या आरोग्य केंद्रात सोळा स्वयंसेविका आहेत. त्यातल्या पंधरा जणींना मी काम सांगते आणि सोळावी, बुआलायमावशी, मला काम सांगते. शाळा चौथीपर्यंत, उंची साडेचार फुटांच्या आतबाहेर, गुडघे कुरकुरणारे, आणि जीभ अशी की तिच्यासमोर मी, वीस वर्षं नोकरी झालेली पदवीधर नर्स, दोनदा विचार करून तोंड उघडते. पहिली काही वर्षं मी तिचा मनापासून राग केला. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक केलं की कुणी मला भाबडी समजायला नको.

तिचं ठरलेलं काम डासांचं. दर शुक्रवारी टॉर्च घेऊन घरोघर जायचं, न्हाणीघरातले रांजण बघायचे, देवघरापुढच्या फुलदाण्या बघायच्या, परसात पडलेले टायर उलटे करायचे. अळ्या दिसल्या की पाणी ओतायचं आणि तक्त्यात खूण करायची. कुणाच्या घरी डेंगीचा ताप आला की बाकीच्या जणी पोराच्या उशाशी बसून हळहळतात. मावशी पोराकडे एकदा बघते, त्याला माझ्याकडे धाडते, आणि घरच्यांना विचारते, "पाणी कुठं साचलंय?" ते सापडेपर्यंत ती त्या घरातून हलत नाही. एकदा तिने गावप्रमुखाच्या बायकोच्या ऑर्किडच्या अठरा कुंड्या अंगणात पालथ्या घातल्या होत्या. तक्रार माझ्याकडे आली. अळ्या अकराव्या कुंडीत होत्या, म्हणून मी गप्प बसले.

हे सांगायचं कारण, पुढे जे झालं ते सगळं त्या एका प्रश्नातून झालं.

आमचं गाव बान हुआय नाक. लोईकडून साखर कारखान्याकडे जाणारा मोठा रस्ता डोंगर उतरून आमच्या गावाशी वळतो, आणि त्या वळणाच्या पोटातच गावाची गल्ली येऊन मिळते. गल्लीतून बाहेर पडताना उजव्या हाताला एक कोपरा आहे. तिथे पूर्वी ताखियनचं म्हातारं झाड होतं. रस्ता रुंद करताना ते पाडलं. त्या झाडात राहणारी देवी, जिला सगळे आई म्हणतात, ती बेघर झाली, रागावली, आणि एकटं राहवेना म्हणून सोबतीला माणसं ओढायला लागली, असं गाव मानतं. तिच्यासाठी बुंध्यापाशी खांबावरचं छोटं घर बांधलं. गावातला माणूस तिथून जाताना हॉर्न वाजवतो, म्हणजे तिला नमस्कार पोचतो. आणि अपघात झाला की नातेवाईक तिला झेब्रा वाहतात. झेब्राच का, तर शहरात रस्ता ओलांडायला काळेपांढरे पट्टे असतात त्यावरून, असं म्हणतात. जो वाचला तो आभाराचा झेब्रा वाहतो. जो गेला त्याच्या घरचे 'आई, आता पुरे कर' म्हणून वाहतात.

मी इथे नोकरीला लागले तेव्हा तिथे वीतभर उंचीचे डझनभर झेब्रे होते. मग कोंबडीएवढे आले, मग कुत्र्याएवढे. माझ्या नोकरीच्या अकराव्या वर्षी मावशीचा मुलगा पाइबून त्या वळणावर गेला. चौतीस वर्षांचा होता. सकाळी टोपलीतून चिकट भाताचा डबा घेऊन शेतावर निघाला होता. डबा मला रस्त्याच्या कडेला झाकणसुद्धा न उघडलेला सापडला, तो मीच तिच्या हातात नेऊन दिला. शंभराव्या दिवसाचे विधी झाले आणि मावशीने छातीएवढा सिमेंटचा झेब्रा आणवून सगळ्यांच्या पुढे बसवला. एवढा मोठा तोवर कुणीच वाहिला नव्हता. दर वर्षी ती स्वतः ब्रश घेऊन त्याचे पट्टे रंगवायची. त्यानंतर गावात आणि ट्रकवाल्यांत चढाओढच लागली, कोण मोठा आणतो याची. माझी नोकरी वीस वर्षांची झाली तेव्हा कोपऱ्यात दोनशे चौदा झेब्रे होते.

अपघात मात्र थांबले नव्हते.

सरकार अपघात मोजतं, मोजत नाही असं नाही. एप्रिलातल्या पाण्याच्या सणाला, सोंगक्रानला, सात दिवस आणि नव्या वर्षाला सात दिवस. धोक्याचे सात दिवस म्हणतात त्यांना. त्या दिवसांत आम्ही गल्लीच्या तोंडाशी मांडव घालून बसतो, दारू प्यायलेल्यांना अडवतो, लिंबूपाणी पाजतो, आणि रोज संध्याकाळी तक्ता वर पाठवतो. आठव्या दिवशी मांडवाची घडी होते. एका वर्षी मी दोऱ्या सोडत होते तेव्हा मावशी समोर येऊन उभी राहिली.

"सिस्टर, आज कुणी मेला तर?"

"तर तो या तक्त्यात येणार नाही."

"मग कुठल्या तक्त्यात येणार?"

मी तिच्यावर खेकसले. मला उन्हाचा त्रास होत होता, सात दिवस झोप नव्हती, अशी बरीच कारणं मी स्वतःला दिली. पण खरं सांगायचं तर तिच्या मुलाचं नावही कुठल्याच तक्त्यात नव्हतं. तो जूनमध्ये गेला होता.

त्याच वर्षी तिची नात खाओफांग चौदाची झाली आणि मोटरसायकलवर शाळेत जायला लागली. आमच्याकडे शाळेची बस नाही, आणि कायदा काय म्हणतो ते आम्हाला ठाऊक आहे. पोरीचा बाप तो पाइबूनच. आई रायोंगला कारखान्यात. घरात आजी आणि नात, दोघीच. रोज सकाळी पोर त्याच गल्लीतून बाहेर पडणार, त्याच वळणावर. मावशीने मला सरळच सांगितलं, "माझं एक माणूस तिथं गेलं. दुसरं मी द्यायची नाही."

मग तिने डासांच्या तक्त्यांची पाठकोरी पानं घेतली, निळं प्लास्टिकचं स्टूल घेतलं, आणि वळणाच्या पलीकडच्या कडेला बसायला लागली. सकाळी तासभर, शाळा सुटायच्या वेळी तासभर. कोण कुठून आलं, कुठे धडकलं, कसं पडलं, सगळं लिहायची. मेलेलेच नाही, हात मोडलेले, पायात सळई बसवलेले, डोक्याला मार लागून बायकोचं नाव विसरलेले, तेसुद्धा. घरोघर जाऊन जुनेही लिहून आणले. लोक आधी हसले, मग दारं उघडायला लागले, कारण ज्याच्या घरात असा माणूस पडून आहे त्याला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

चौदा महिन्यांनी तिने ती पानं माझ्या टेबलावर ठेवली. अकरा अपघात, तीन मृत्यू.

"मावशी," मी म्हटलं, "कारणं सगळ्या जगाला माहीत आहेत. दारू, वेग, डोक्यावर हेल्मेट नाही."

"ते डास झाले. मी पाणी विचारतेय. अकरातले नऊ जण गल्लीतून बाहेर पडताना उडाले, आणि नऊच्या नऊ उजवीकडून. त्यात दोघं असे की दारूचा थेंब घेत नाहीत. एक तर भंते होते."

मी पानं पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली. पाणी कुठे साचलंय ते मात्र मलाही कळेना.

ते कळलं जानेवारीत, ऐन उसाच्या हंगामात. खाओफांग गल्लीच्या तोंडाशी थांबली होती आणि तिच्या चपलेचा पट्टा तुटला. "आजी, जरा गाडी धर," म्हणून ती खाली उतरली. मावशीला गाडी येत नाही. ती नुसती सीटवर बसली, हँडल धरलं, आणि सवयीने उजवीकडे पाहिलं.

दहा मिनिटांनी खाओफांग धापा टाकत माझ्याकडे आली. "आजी गाडीवरून उतरत नाहीये. तुम्हाला बोलावलंय."

मी गेले. मावशी सीटवर ताठ बसली होती.

"काय झालं?" मी विचारलं. "मला तर सगळं दिसतंय."

"तुम्ही उभ्या आहात. खाली बसा." तिने माझा हात धरून मला असं खाली ओढलं की मी तिच्या मागे सीटवर आदळले. "आता बघा."

मी पाहिलं. झेब्रेच झेब्रे. पट्ट्यांमागे पट्टे. उतार नाही, रस्ता नाही. उसाचा ट्रक आला तो त्या पट्ट्यांतून बाहेर पडल्यासारखा एकदम अंगावर आला आणि निघूनही गेला. दर अपघाताला गावाने एक झेब्रा वाहिला होता, दर झेब्र्याने रस्ता आणखी थोडा झाकला होता, आणि मग पुढचा अपघात झाला होता. वीस वर्षं मी त्या कोपऱ्यावरून केंद्रात जात होते. मी उंच आहे, आणि माझी गाडी चारचाकी आहे.

"सगळ्यात पुढे कोणता आहे, बघितलात?" मावशी म्हणाली.

छातीएवढा होता. पट्टे ताजे, नीट रंगवलेले. तो तिचाच होता.

ती रडली. मी तिला दोनदाच रडताना पाहिलंय, त्यातली ही दुसरी वेळ. खाओफांग तुटकी चप्पल हातात घेऊन उभी होती. मग मावशीने ब्लाउजच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला, पाणी सापडलं. आता ओतायचं."

बोलायला सोपं होतं. झेब्रे आईचे. आईच्या वस्तूला हात लावायचा म्हणजे तिचा राग ओढवून घ्यायचा. मावशीने आधी गावप्रमुख थोंगयोयला गाठलं. पोट मोठं, आवाज मोठा, आणि निवडणुका डोक्यावर. "मावशी, भलतं काही बोलू नका," तो म्हणाला. "आईला जागेवरून हलवायचं आणि मग माझ्या नावाने बोंब होणार."

"बोलत नाहीच. तू नुसता ये आणि बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला खाओफांगच्या गाडीवर बसवलं, चाक गल्लीच्या तोंडाशी. "इंजिन बंद. उजवीकडे बघ. ट्रक दिसला की 'आला' म्हण. सिस्टर, तुम्ही आकडे मोजा."

निम्मं गाव तमाशा बघायला जमलं होतं. "आला," थोंगयोय म्हणाला. मी म्हटलं, "एक." मी 'दोन' म्हणायला आणि ट्रक त्याच्या चपलेसमोरून जायला एकच गाठ पडली. उसाची पाचटं त्याच्या शर्टावर उडाली.

"परत," तो म्हणाला.

पाच वेळा केलं. कधी दोन, कधी दोनच्या आत. पाचव्या ट्रकनंतर तो खाली उतरला आणि मावशीच्या निळ्या स्टुलावर बसला. "माझी पोरं इथूनच जातात की," तो म्हणाला, जणू ही बातमी त्याला आत्ता मिळाली.

"सगळ्यांचीच जातात."

"काढायला पाहिजेत." त्याने कपाळ पुसलं. "पण हात मी लावणार नाही, मावशी. मला बायकापोरं आहेत."

जमलेल्यांनी माना हलवल्या. काढायला पाहिजेत हे सगळ्यांना पटलं होतं, आणि काढणारा एकही नव्हता. आता राहिली खाम्पुन.

खाम्पुनच्या अंगात आई येते. ती आणि मावशी एका वर्गातल्या, आणि तेव्हापासून त्यांचं सख्य नाही. शाळेत कुणी कुणाची पाटी फोडली याचा वाद साठ वर्षांनीही मिटलेला नाही. मावशी लाल सरबताच्या बाटल्या, उकडलेली कोंबडी आणि मोगऱ्याच्या माळा घेऊन बसली, आणि खाम्पुन डोळे मिटून डुलायला लागली. गाव भोवती दाटीवाटीने बसलं होतं.

"बुआलाय," आईच्या आवाजात खाम्पुन म्हणाली, "तुझा मुलगा मी नेला, म्हणून माझ्यावर सूड घेतेस?"

"सूड घ्यायचा असता तर घर मोडलं असतं. मी जनावरंच हलवतेय. आणि त्यातलं सगळ्यात मोठं माझंच आहे."

खाम्पुनचं डुलणं क्षणभर थांबलं. हे तिला माहीत नसावं, किंवा तिने कधी असा विचार केला नसावा. मग ती म्हणाली, "मग विचार मला. करंगळीने उचलून विचार."

आमच्याकडे कौल असाच घेतात. बायकांनी करंगळीने मूर्ती उचलायची. पहिल्यांदा म्हणायचं, आई, तुझी हो असेल तर हलकी हो. दुसऱ्यांदा म्हणायचं, खरंच हो असेल तर आता जड हो. दोन्ही जुळलं तर कौल मिळाला.

मावशीने वीतभर उंचीचा जुना झेब्रा समोर घेतला. पहिल्यांदा उचलला, तो सहज वर आला. दुसऱ्यांदा करंगळी घातली. तोंड लाल झालं, मानेच्या शिरा फुगल्या, आणि झेब्रा जमिनीवरून हलला नाही. लोकांनी हात जोडले. त्या करंगळीच्या संधिवाताच्या गोळ्या दर महिन्याला मीच लिहून देते. मी काही बोलले नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत मावशीनेही त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

 खाम्पुन म्हणाली, "माझं घर हलणार नाही. जनावरं पलीकडे चरायला गेली तर माझी हरकत नाही."

असं म्हणायला मोठं मन लागतं. खाम्पुनचं ते आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

कौल मिळाला तरी लोक जागचे उठेनात. मग मावशी उभी राहिली, उदबत्त्या लावल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नवस बोलली. "आई, तुझी जनावरं मी पलीकडे नेते. पहिला हात माझा. पुढच्या वर्षीचं सोंगक्रान संपेपर्यंत या वळणावर एकही जीव घेऊ नकोस. घ्यायचाच झाला तर माझा घे, दुसऱ्या कुणाचा नको. आणि नाही घेतलास, तर डोक्यावर मुकुट घालून नऊ गाणी तुझ्यापुढे नाचीन."

नाचाचं ऐकून पोरं खिदळली. मोठी माणसं हसली नाहीत. आमच्याकडे असा शब्द दिला की तो दिलेला असतो. मी तिला खांबाआड ओढलं आणि झापलं.

"अहो, रस्ता काय तुमच्या हातात आहे? एखादा दारुडा आला आणि उलटला तर? जीव काय म्हणून पणाला लावता?"

"म्हणून तर वर्षभर इथं उभी राहणार आहे," ती म्हणाली. "आणि सिस्टर, पोर रोज जाते तेव्हा माझा जीव पणाला लागलेलाच असतो. आज फक्त मोठ्यांदा बोलले."

ती जाऊन आपल्या छातीएवढ्या झेब्र्याला भिडली. तो तिच्याने हलणार नव्हताच. ती ढकलत राहिली, आणि पाहणाऱ्यांना लाज वाटायला लागली. आधी खाओफांग पुढे गेली, मग मी. मग अंगातून उतरलेली खाम्पुन पदर खोचावा तसा कमरेला गुंडाळलेला सिन खोचून आली आणि म्हणाली, "सरक गं, तुला ढकलतासुद्धा येत नाही." त्यानंतर सगळं गाव उठलं.

रस्ते खात्याचा एक तरुण इंजिनियर मी आधीच बोलावून ठेवला होता. त्याने बजावलं की सिमेंटची जनावरं रस्त्याच्या कडेला ठेवाल तर कुणीतरी त्यांच्यावरच आपटून मरेल. म्हणून गटाराच्या पलीकडे, वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या उंच बांधावर, दोनशे चौदा झेब्रे ओळीने उभे केले. प्रत्येकाच्या पोटावर चमकणारी पट्टी चिकटवली. आता डोंगर उतरणाऱ्या ट्रकला लांबूनच झेब्र्यांची वळत जाणारी ओळ दिसते आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. इंजिनियरने नंतर वेगाची पाटी आणि रस्त्यावर खडबडीत पट्टेही घातले. मला वाटतं त्याला झेब्र्यांपुढे कमीपणा वाटला.

मावशी मात्र वळण सोडेना. रोज सकाळी स्टूल, गळ्यात शिट्टी. हेल्मेट नसलेल्या पोराला ती गल्लीतून बाहेरच पडू देत नसे. "मावशी, शाळेला उशीर होतोय." "होऊ दे. सरांना सांग, मावशीने धरलं. मेलास तर काय सांगशील?" मोठ्यांनाही सोडायची नाही. थोंगयोयने एकदा गावप्रमुखाचा रुबाब दाखवून बघितला. तिने गाडीची किल्ली काढून लुगड्याच्या ओच्यात खोचावी तशी कमरेला खोचली, आणि तो घरी चालत जाऊन हेल्मेट घेऊन आला. तेव्हापासून तो घालायचा, पण तिला शिव्या देत घालायचा.

पावसाळा गेला. ऊस आला, ऊस संपला. दोन पोरं घसरली, गुडघे फुटले, मी टाके घातले. मृत्यूच्या रकान्यात मावशी रोज शून्य लिहायची, एक शून्य, एक दिवस. एप्रिल आला. सोंगक्रानचे सात दिवस सुरू झाले, आणि सगळं गाव दिवस मोजायला लागलं.

सहाव्या दिवशी दुपारी मी मांडवात होते. मावशीला उन्हाने तापलेली बघून मी तिला जबरदस्तीने घरी पाठवलं होतं, जेमतेम अर्धा तास झाला असेल. वळणावरून ब्रेकचा लांबलचक आवाज आला. मग ओरडाआरडा. मी पळाले. तांदळाची दारू चढवून आलेला थोंगयोय लोकांनी उडवलेल्या पाण्यावर घसरून ऐन वळणात आडवा पडला होता, आणि वर उतारावर एक पिकअप, पाण्याचं पिंप आणि नाचणारी पोरं भरलेली, तिरकी होऊन थांबली होती. थोंगयोयपासून चार हातांवर.

मी त्याच्यापाशी बसले तेवढ्यात गावात बातमी पोचली होती. बातमीचे पाय नेहमीच माझ्यापेक्षा जलद. बातमी अशी गेली की गावप्रमुख वळणावर गेला.

मावशीने ती ऐकली. खाओफांगने मला नंतर सांगितलं. आजी उठली. तोंड धुतलं, देवळात जायचा पांढरा ब्लाउज घातला, केस विंचरले, मुलाच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. "भात झाकून ठेवलाय," म्हणाली, आणि निघाली. पोर रडत मागे. गल्लीतून मी तिला येताना पाहिलं, पांढऱ्या कपड्यांत, सावकाश, जीव द्यायचा शब्द पाळायला निघालेली. तिला काय वाटतंय हे मला एका क्षणात कळलं, आणि माझे हात रुग्णाच्या खांद्याच्या हाडावर असल्यामुळे मला उठताही येईना.

"मावशी," मी जीव खाऊन ओरडले, "जिवंत आहे!"

"जिवंत कसला," खालून थोंगयोय कण्हला. "ही सिस्टर मारतेय मला. हात सोडा, बाई."

त्याची कॉलरबोन मोडली होती. हेल्मेटला कपाळापासून कानापर्यंत खोल ओरखडा होता. ते डोक्यावर नसतं तर काय झालं असतं, हे त्याने बोट फिरवून स्वतः तपासलं आणि एकदम शुद्धीवर आला. पिकअपचा पोरगेला ड्रायव्हर खाली उतरला होता. पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "मला लांबूनच दिसले काका. वरूनच दिसले. कोपरा मोकळा होता ना."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मग रस्त्यातच मटकन खाली बसली आणि हसायला लागली, पांढरा ब्लाउज, ओला रस्ता, कशाचीही पर्वा न करता. "थोंगयोय, मेल्या," ती म्हणाली, "तुझ्यापायी मी भात झाकून मरायला आले."

"वाढा मग," तो म्हणाला. "भूक लागलीय."

सातवा दिवस कोरडा गेला. आठव्या दिवशी मांडवाची घडी झाली नाही, कारण तिथे नाच होणार होता.

गावाबाहेरूनही माणसं आली. बांबूचं खेन फुंकणारे वाजंत्री आले, ढोल आले. खाम्पुनने स्वतः मावशीला रेशमी वस्त्र नेसवलं, "कमरेला आधी काही ठेवलं असतंस तर बसलं असतं नीट," असं म्हणत. शहरातल्या नाचवाल्यांकडून उंच सोनेरी मुकुट आणला होता. मावशीचं डोकं लहान. मुकुट नाकावर आला. कापडाच्या घड्या घालून पाहिल्या, तरी कललाच. शेवटी तिने तो काढून खाम्पुनच्या हातात दिला आणि खाओफांगला हाक मारली. "पोरी, तुझं हेल्मेट दे."

"आईला मुकुट बोलली होतीस," खाम्पुन म्हणाली.

"हाच माझा मुकुट. आईला विचार, चालतंय का."

खाम्पुनने डोळे मिटलेसुद्धा नाहीत. "चालतंय," ती म्हणाली.

आणि बुआलायमावशी नाचली. हनुवटीखाली पट्टा आवळून, हातांची बोटं मागे वळवत, कुरकुरत्या गुडघ्यांवर, नऊच्या नऊ गाणी. दुसऱ्या गाण्याला गळ्यात हात अडकवलेला थोंगयोय मध्ये शिरला. पाचव्याला वर रस्त्यावर ट्रक थांबले होते, ड्रायव्हर उतरून टाळ्या वाजवत होते. सातव्याला मी नाचत होते. मी कधी नाचत नाही. मला वाईट वाटत होतं ते एवढंच, की हे पाहायला वीस वर्षं लागली. त्याच्या पलीकडे सगळा आनंदच होता, उघडा, मोठ्या आवाजाचा आनंद, आणि तो आम्ही मिळवलेला होता, आपोआप आलेला नव्हता.

नववं गाणं संपलं तेव्हा ती घामाने निथळत होती. हेल्मेट न काढताच तिने रस्ता ओलांडला, आधी उजवीकडे बघून, आणि बांधावर चढली. तिचा झेब्रा तिथे गल्लीच्या बरोबर समोर उभा आहे. मी तिला हात द्यायला मागे गेले होते, म्हणून मला ऐकू आलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिथून उतार दिसतो, वळण दिसतं, गल्ली पार गावापर्यंत दिसते. खाली खाओफांग मैत्रिणींबरोबर लाल सरबत पीत होती.

"पाइबून," ती म्हणाली, "इथून सगळं दिसतं बघ. आता तू लक्ष ठेव. मी जरा बसते."

ती गवतावर बसली आणि खिशातून घडी केलेला तक्ता काढला. त्या दिवसाचं शून्य अजून लिहायचं राहिलं होतं. पेन माझ्याकडून घेतलं.